पोटावरची पिशवी आणि पुढ्यातले ताट

गुरुजींनी जेवण निम्म्यावर आणले आहे, हे मला त्यांनी सांगितले नाही, काकूंनी सांगितले. त्याही सगळ्यांसमोर बोलल्या नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला म्हणून आल्या, शेवटचा रुग्ण जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सकाळी एक भाकरी खायचे, आता चतकोर खातात. रात्री तर नुसतं दूध. विचारलं तर म्हणतात, जेवढं खावं तेवढं पिशवीत येतं, मग खावंच कशाला?"

गुरुजींनी मला सातवीत गणित शिकवले. त्र्याहत्तरीचे आहेत. आदल्या दिवाळीनंतर त्यांच्या गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. रोगट भाग काढून आतड्याची दोन टोके जोडली गेली आणि तो सांधा भरून येईपर्यंत त्यावरून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचे एक वेटोळे पोटाच्या उजव्या बाजूला त्वचेबाहेर आणून ठेवले गेले. याला इलिऑस्टॉमी म्हणतात. मोठे आतडे बाहेर आणले तर ती कोलोस्टॉमी, आणि लघवीचा मार्ग असा वळवला तर युरोस्टॉमी. बाहेर दिसणारे ते लालसर तोंड म्हणजे स्टोमा. आमच्या निलंग्यात यांपैकी एकही शब्द चालत नाही. 'त्यांना पिशवी लावली' एवढेच लोक म्हणतात, आणि तेही आवाज उतरवून.

माझ्यासारख्या तालुक्याच्या गावच्या डॉक्टरला असा रुग्ण वर्षाकाठी एखाददुसरा भेटतो. मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे कर्करोग आपल्या ग्रामीण भागात तसे कमीच. बार्शीला १९८७ पासून चालणाऱ्या ग्रामीण कर्करोग नोंदणीतही हे दिसून आलेले आहे. पिशवी लागते ती केवळ कर्करोगानेच असे नाही. विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला छिद्र पडले, आतड्याला पीळ बसला, तरीही लागते. पण एकूण रुग्ण थोडे, म्हणून माझा अनुभवही थोडा. हे मी सबब म्हणून सांगत नाही; पुढे जे झाले ते समजावे म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या घरी गेलो. दोन घास पोटभर खा, असे बजावले. ऊन वाढू लागले होते, म्हणून भरपूर पाणी प्या, असेही सांगितले. रक्तदाब जुना असल्यामुळे मीठ जपून खा, हे नेहमीचे वाक्य जोडले, आणि लघवी वाढवणारा अंश असलेली त्यांची रक्तदाबाची गोळी तशीच चालू ठेवली. शिक्षक माणूस, सांगितलेले काटेकोर पाळणारा. तांब्या मोजून पाणी पिऊ लागले.

एप्रिलच्या मध्यावर त्यांना रिक्षातून दवाखान्यात आणले, तेव्हा जीभ लाकडासारखी कोरडी होती, डोळे खोल गेले होते, पोटऱ्यांत गोळे येत होते. वरचा रक्तदाब ९० च्याही खाली. आदल्या दिवशी पिशवी दहा वेळा रिकामी करावी लागली होती आणि लघवी जेमतेम दोनदा झाली होती. मी सलाईन लावून त्यांना लातूरला पाठवले. तिथे रक्तातील सोडियम फार उतरलेले आणि क्रिएटिनिन चढलेले आढळले. चार दिवसांनी ते सावरले. त्यांच्या शल्यविशारदांनी मला फोन केला. स्वर सौम्य होता, पण वाक्य अजून कानात आहे : "डॉक्टर, त्यांना नुसतं पाणी नको होतं, मीठ हवं होतं."

लहान आतड्यातून दररोज सुमारे दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात येतो. मोठे आतडे त्यातील बहुतेक पाणी आणि मीठ पुन्हा रक्तात ओढून घेते. इलिऑस्टॉमीत हा टप्पाच वगळला जातो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी लहान आतडे थोडेफार हे काम शिकते आणि पिशवीत दिवसाला ५०० ते ८०० मिलिलिटर इतकाच पातळ मळ येऊ लागतो. पण तो दीड लिटरच्या वर गेला की शरीर सुकू लागते, कारण अशा प्रत्येक लिटरमागे चहाचा चमचा भरून मीठ बाहेर पडते. त्यात वरून साधे पाणी ओतत राहिले, तर आतड्यातले मीठ त्या पाण्यात उतरते आणि दोन्ही मिळून पिशवीत जातात. म्हणजे माणूस पाणी पीत पीत कोरडा होतो. हे सारे मी विद्यार्थिदशेत वाचले होते. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात परीक्षेला लिहिलेही असेल. रुग्णाच्या अंगणात बसून 'मीठ जपून' म्हणताना मात्र ते आठवले नाही.

गुरुजी परतल्यावर मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "गणित चुकलं तर खोडून पुन्हा करायचं असतं. सांग आता."

तेव्हापासून त्यांची लघवी वाढवणारी गोळी बंद झाली आणि दिवसाच्या पाण्यातला मोठा वाटा मिठाच्या पाण्याने घेतला. क्षारसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून दिवसभर घोट घोट घ्यायचे. जेवताना तांब्याभर पाणी पोटात रिचवायचे नाही. गोड सरबते, उसाचा रस, बाटलीतील शीतपेये यांनी मळ अधिक पातळ होतो, म्हणून ती टाळायची. पण ओआरएसची चव त्यांना दोन आठवड्यांत नकोशी झाली, आणि तोडगा काढला तो काकूंनी. "मग आंबील का नको?" त्या म्हणाल्या. खरेच, का नको? ज्वारीचे पीठ ताकात भिजवून आंबवायचे, शिजवून पातळ करायचे, मीठ-जिरे घालायचे. पिष्ट, मीठ, पाणी सारे एकत्र. आपल्या मराठवाड्यातील उन्हाळ्याचे हे जुने पेय इलिऑस्टॉमीच्या माणसासाठीच केलेले वाटावे असे आहे. ओआरएसची जागा ते पूर्णपणे घेत नाही; मळ फार पातळ झाला की पाकीटच हवे. पण रोजच्यासाठी आंबिलीचे दोन पेले गुरुजींना मानवले.

इथे वाचकांना थांबवून एक सांगायला हवे. हा मिठाचा सल्ला इलिऑस्टॉमीचा आहे, कोलोस्टॉमीचा नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर इलिऑस्टॉमीतही मिठाचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आणि घरी पिशवी असलेले माणूस असेल तर ती नेमकी कोणत्या आतड्याची, हे कार्डावर लिहून भिंतीला टाचून ठेवावे. मी ते केले असते, तर गुरुजींना लातूरची वारी घडली नसती.

आता जेवणाचे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे आतडे सुजलेले असते. तेव्हा मऊ भात, तुरीच्या वरणाचे वरचे पाणी, सोललेला उकडलेला बटाटा, केळे, ताक, बिनशेंगदाण्याची साबुदाण्याची खिचडी असा मऊ, चोथा नसलेला आहार ठेवावा. भात, केळे, साबुदाणा यांनी मळ घट्टही होतो. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणायचा : एका वेळी एकच, थोडा, आणि दोन-तीन दिवस परिणाम पाहायचा. गुरुजींनी यासाठी शंभर पानी वही केली. डाव्या बाजूला निळ्या शाईने पदार्थ, उजव्या बाजूला लाल शाईने शेरा. 'दोडका, साल काढून : उत्तीर्ण.' 'फुलकोबी : वारा फार, पिशवी फुगली, पुनर्परीक्षा.' 'बीट : मळ लाल. घाबरलो. डॉक्टरने सांगितले, रंगच आहे.' लोहाच्या गोळ्यांनीही मळ असाच काळा होतो. त्याचीही आधी कल्पना असलेली बरी.

कोबी, मुळा, वाटाणा, उडीद, कच्चा कांदा यांनी वारा धरतो. अंडी, मासे, लसूण यांनी वास वाढतो. ताक-दह्याने तो काहीसा कमी होतो. यातले काहीही वर्ज्य नाही. ज्या दिवशी चारचौघांत जायचे, त्या दिवशी टाळावे, इतकेच. खरी भीती आहे ती अडकणाऱ्या पदार्थांची. बाहेर आणलेल्या लहान आतड्याचे तोंड अरुंद असते. अख्खे शेंगदाणे, मक्याचे कणीस, खोबऱ्याचे तुकडे, लाह्या, संत्र्याच्या फोडीवरची साल, पेरूच्या बिया तिथे गोळा होऊन वाट अडवतात. आपला हुरडाही त्यातलाच, हे सांगताना मला वाईट वाटते. शेंगदाणे खायचेच असतील तर कुटून, चटणी म्हणून. आणि प्रत्येक घास चावून चावून. कवळी सैल असेल तर आधी दंतवैद्याकडे जावे. हे मी विनोदाने म्हणत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या स्टोमाची निम्मी काळजी दात घेतात. पोटात कळा येऊन चार-सहा तास पिशवीत काहीच आले नाही, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. इलिऑस्टॉमीच्या माणसाला जुलाबाचे औषध कोणी घरगुती म्हणूनही देऊ नये. गोळी अख्खीच्या अख्खी पिशवीत दिसली तर डॉक्टरांना दाखवावी. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या अशा माणसाच्या अंगी लागत नाहीत.

गुरुजींनी रात्रीचे जेवण सात वाजता आणले, तेव्हा रात्री उठणे एकावर आले. जेवण मोठे दोनदा करण्याऐवजी थोडे थोडे पाच वेळा केले. उपाशी राहिल्याने पिशवी रिकामी राहत नाही, हे त्यांना त्यांच्या वहीनेच पटवले : न खाल्लेल्या दिवशी मळ कमी झाला नव्हता, पातळ झाला होता आणि वारा वाढला होता. तरीही त्यांची चतकोर भाकरी अर्धीच्या पुढे जाईना. कारण आहाराचे नव्हतेच.

ते मला दुसऱ्याच एका बाईंमुळे उमगले. तालुक्यातील एका खेड्यातल्या या शेतकरी बाई. २०१५ मध्ये त्यांना कायमची कोलोस्टॉमी करावी लागली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली, आणि यांच्या गावात टँकरवर दिवस निघत होते. पिशवी धुवायला पाणी लागते, म्हणून त्यांनी प्यायचे पाणी तोडले, भाजी तोडली. मळाचे खडे झाले. त्यांचा दोष गुरुजींच्या नेमका उलट : त्यांना पाणीही हवे होते आणि चोथाही. त्यात टँकरवरून भरल्या घागरी उचलल्याने स्टोमाच्या शेजारी हर्निया झाला. अशा माणसाने जड उचलू नये, हे मी त्यांना सांगितले होते. घागर 'जड' यात धरतात, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते आणि माझ्याही.

मुंबईत १९७५ मध्ये सुरू झालेल्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियात पिशवी बाळगणारी माणसेच नव्या रुग्णांना धीर देतात, हे मी ऐकून होतो. निलंग्यात असे काही नाही. म्हणून दोघांची संमती घेऊन एका दुपारी मी या बाईंची आणि गुरुजींची दवाखान्यात गाठ घालून दिली. काकूही होत्या.

बाई सरळ म्हणाल्या, "गुरुजी, नऊ वर्षं झाली मला. लेकीचं लगीन केलं, तुळजापूरला जाऊन आले. तुमी घरात का बसलाव?"

गुरुजी बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "अंगावर घेऊन देवासमोर कसं बसायचं?" शस्त्रक्रियेपासून त्यांनी पूजा केली नव्हती. नीळकंठेश्वराच्या देवळात पाऊल टाकले नव्हते. पंगतीला बसत नव्हते. घरीही ताट घेऊन आतल्या खोलीत जात होते. अर्धी भाकरी खाऊन उठत होते ते म्हणून.

मी काहीतरी शास्त्रीय बोलणार होतो. त्याआधी काकू म्हणाल्या, "बहात्तर वर्षं तेच पोटात घेऊन बसत होता की देवापुढं! तेव्हा आत होतं म्हणून दिसत नव्हतं, एवढंच."

बाई मोठ्याने हसल्या. मग गुरुजीही.

त्यानंतर त्या दोघी बायकांनी जे बोलून घेतले, ते माझ्या पदवीत नव्हते. परकराची नाडी नेमकी पिशवीवर येते, म्हणून ती वर बांधायची. धोतराची गाठ सोडून सैल इलॅस्टिकचा लेंगा आत घालायचा. (खरे तर स्टोमाची जागा शस्त्रक्रियेआधी रुग्णाला त्याच्या रोजच्या कपड्यांत बसवून, वाकवून खूण करून ठरवायला हवी. पोटाच्या वळीत किंवा नाडीखाली आलेला स्टोमा जन्मभर गळतो. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर हे आवर्जून विचारा.) एसटीने जाताना जोडीची चकती आधीच कापून, कागदी रुमाल आणि बाटलीभर पाण्यासह हाताशी ठेवायची, सामानाच्या पिशवीत नाही. फक्त एका जागी मी बाईंना अडवले. "मेथीची भाजी रोज खावा, गुरुजी," असे त्या म्हणाल्या, तेव्हा. ती त्यांना औषध, यांना अडचण.

पिशवीविषयी थोडे. डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सन या परिचारिकेच्या बहिणीवर अशी शस्त्रक्रिया झाली आणि ती घराबाहेर पडेनाशी झाली. तिच्यासाठी एलिसे यांना १९५४ मध्ये कातडीला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली. माझ्या शिकाऊ दिवसांत मात्र चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या दोऱ्याने बांधून घरी जाणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या पोटाची सोललेली कातडी अजून आठवते. आज साधन आहे, पण खर्च महिन्याचा आहे, म्हणून घरोघरी पिशवी ताणली जाते. ती एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. जड झाली की चकती सुटते. चकती साधारण तीन ते पाच दिवसांनी बदलावी, सकाळी चहापूर्वी, कारण तेव्हा आतडे शांत असते. चकतीचे भोक स्टोमाहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे. पहिल्या दोन महिन्यांत स्टोमा आकसतो, म्हणून दर वेळी मापून कापावे. जुन्या मापाने कापलेल्या भोकातूनच मळ कातडीवर उतरतो. कातडी कोमट पाण्याने धुवून कोरडी टिपावी. डेटॉल नको, हळद नको, आणि खोबरेल तेल तर नकोच. तेलावर चकती चिकटणार कशी? पुसताना स्टोमाला किंचित रक्त लागले तर घाबरू नये. तो ओठाच्या आतल्या भागासारखा लाल-गुलाबी असावा. निळा-काळा पडला तर तासाभराचाही विलंब नको.

गुरुजींचा स्टोमा काही महिन्यांत आत घालायचा होता. औषधोपचार लांबले, मध्येच हृदयाची तक्रार निघाली, आणि ते पुढे गेले. मार्गशीर्षातील अमावास्या आली तरी पिशवी होतीच. वेळ अमावास्येला आमच्याकडे गावेच्या गावे रिकामी होतात, सारे शेतात. गुरुजींनी मलाही बोलावले होते. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव. पूजा गुरुजींनी केली. मग पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा, वालाचे दाणे, भाज्या सारे काही असते. इलिऑस्टॉमीच्या माणसासाठी परीक्षेचा सर्वांत अवघड पेपर. मी काकूंकडे पाहिले. त्यांनी गुरुजींच्या वाटणीची भज्जी वेगळी घोटून, चाळणीतून गाळून आणली होती. वाटीभरच.

गुरुजी सगळ्यांच्या मधोमध बसले. भज्जीत उंडा कुस्करून सावकाश चावत राहिले; पंगत उठली तरी त्यांचे चालूच होते. कोणी थांबून पाहिले नाही. नातवाने मडक्यातून आंबील ओतून पेला पुढे केला. गुरुजींनी एक घोट घेतला आणि पेला माझ्यासमोर धरला.

"मीठ बघ," ते म्हणाले. "या वेळी नीट बघ."

मी बघितले. थोडे कमीच होते. काकूंनी मिठाची वाटी पुढे सरकवली.